चेष्टा करा, पण आधी ओळख करून घ्या

ऑगस्ट २०२५ मध्ये 'परम सुंदरी'चा ट्रेलर आला, तेव्हा चित्रपट कोणी पाहिलेला नव्हता, पण भांडण मात्र पूर्ण रंगात आले होते. दिल्लीचा पैसेवाला मुलगा, केरळात होमस्टे चालवणारी मुलगी, दोघांच्या बोलण्या-वागण्यात जमीन-अस्मानाचे अंतर आणि त्या अंतरातून काढलेले विनोद, असा तो मामला. मल्याळी प्रेक्षकांनी जान्हवी कपूरच्या मल्याळम उच्चारांवर बोट ठेवले, तिच्या केसांतल्या मोगऱ्यावर ठेवले, आणि इतक्या चांगल्या मल्याळी अभिनेत्री असताना त्यातल्या एकीला ही भूमिका का दिली नाही, असा सवाल केला. उलट बाजूने उत्तर आले की नायिका अर्धी तमिळ आणि अर्धी मल्याळी आहे, शिवाय चित्रपट विनोदी आहे, तेव्हा हसा आणि सोडून द्या. बारा वर्षांपूर्वी, २०१३ च्या ऑगस्टमध्येच, 'चेन्नई एक्स्प्रेस'च्या वेळी तमिळ प्रेक्षकांशी हाच वाद झाला होता. एका बाजूला 'आमचा अपमान झाला', दुसऱ्या बाजूला 'तुम्हाला विनोद कळत नाही'. बारा वर्षांत दोन्ही पक्ष आपल्या जागेवरून हललेले नाहीत.

माझे म्हणणे असे, की हा खटलाच चुकीच्या कलमाखाली चालवला जातो आहे. या चित्रपटांचा दोष अपमान हा नाही, अज्ञान हा आहे. दोन्हींत फार फरक आहे. अपमानाचा आरोप केला की मागणी माफीची होते, आदराची होते, प्रसंगी बंदीची होते. अज्ञानाचा आरोप केला तर मागणी चांगल्या लेखनाची करता येते. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताच्या माणसाची चेष्टा करूच नये, असे मला अजिबात वाटत नाही. भरपूर करावी, झोंबेल अशी करावी. पण ज्याची चेष्टा करायची त्याच्याबद्दल काही ठाऊक तरी असावे. ठाऊक नसताना केलेली चेष्टा दुखावते की नाही हा पुढचा प्रश्न. आधी ती विनोद म्हणूनच कच्ची असते, आणि तिला 'निव्वळ मनोरंजन' म्हणून पाठीशी घालणारे लोक मनोरंजनाचाच दर्जा खाली आणतात.

विनोदाच्या बाजूने जे सर्वांत भक्कम बोलता येईल ते आधी मान्य करतो. ठोकळेबाज पात्रांशिवाय विनोदी नाटक-सिनेमा उभा राहत नाही. दशावतारातला संकासुर, तमाशातला सोंगाड्या, फार्सातला विसरभोळा प्रोफेसर हे सगळे साचेच आहेत. भाषेवरून हसवणेही आजचे नाही. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, तर स्त्रिया आणि नोकरचाकर प्राकृत. म्हणजे कोण कोणती बोली बोलतो यावरून त्याची पायरी ठरवणे आपल्याकडे रंगभूमीइतकेच जुने. पण त्याच परंपरेतल्या 'मृच्छकटिका'त शूद्रकाने काय केले ते पाहा. त्या नाटकात उच्चारांवरून सर्वांत जास्त हसे होते ते शकाराचे, आणि तो कोणी गरीब परप्रांतीय नाही, राजाचा मेहुणा आहे. 'स'च्या जागी 'श' म्हणणारा, रामाच्या भयाने द्रौपदीला पळायला लावणारा, रामायण-महाभारताची खिचडी करणारा हा माणूस सत्तेच्या जोरावर नगरात धुमाकूळ घालतो. त्याच्या बोलण्याला हसणारा प्रेक्षक त्याच्या माजालाही हसतो. म्हणजे विचित्र उच्चार हा विनोदाचा कच्चा माल झाला. त्यातून काय घडवायचे हे लेखकाच्या अकलेवर आहे, आणि 'पूर्वापार असेच चालत आले आहे' एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही.

आता 'चेन्नई एक्स्प्रेस'कडे वळू, कारण या जातीच्या हिंदी चित्रपटांचा तो आजचा नमुना आहे. देशात २०० कोटींच्या पुढे कमावलेला चित्रपट. त्याच्या जमेच्या बाजूला खरोखर काही आहे. तमिळ माणसे त्यात तमिळच बोलतात, आणि बऱ्याच संवादांखाली हिंदी भाषांतराची पट्टी नाही. त्यामुळे मुंबईच्या नायकाची, राहुलची, अडचण हिंदी प्रेक्षकाला स्वतःची वाटते आणि काही जागी तमिळ जाणणाऱ्यालाच आधी हसू येते. गुंडांना कळू नये म्हणून राहुल आणि तमिळ नायिका मीनम्मा हिंदी गाण्यांच्या चालींवर एकमेकांशी बोलतात, तो प्रसंग तर फार चांगला जमला आहे. गाडी दूधसागरच्या पुलावर थांबते, जो मुंबई-चेन्नई मार्गावर नाहीच, आणि तमिळ गावाचे काही चित्रीकरण आपल्या वाईत झाले आहे, यावरून नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. चित्रपटाला भूगोलाची सूट द्यावी. माणसांची देता येत नाही.

राहुल हा मुंबईतला चाळिशीचा मिठाईवाला आहे. हा माणूस जन्मभर मुंबईत राहिला आणि तमिळ माणूस म्हणजे काय हे कळायला त्याला सुमारे १,३०० किलोमीटरचा प्रवास करावा लागला? मुंबईत? माटुंग्यात साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ पासून उभी आहे. धारावीत तिरुनेलवेलीकडून आलेल्या चामडे कमावणाऱ्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या गेल्या. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर सकाळी केळीची पाने आणि फुले मिळतात, चेंबूरमध्ये तमिळ शेजार नसलेली इमारत शोधावी लागेल. मुंबईच्या मिठाईवाल्याच्या गिऱ्हाइकांत, पुरवठादारांत, कामगारांत, शाळासोबत्यांत एकही तमिळ नसणे अशक्य आहे. तरीही चित्रपटाला तमिळ माणूस दूर, कोयते घेतलेल्या आडदांड लोकांच्या गावातच हवा असतो, कारण शेजारच्या दारातल्या तमिळ माणसाबद्दल लिहायचे तर त्याची माहिती काढावी लागते. 'परम सुंदरी'तला नायक दिल्लीचा. दिल्लीच्या कुठल्या मोठ्या रुग्णालयात मल्याळी नर्स नाहीत? मयूर विहारला गुरुवायूरप्पनचे अख्खे देऊळ आहे. तरी या मुलाला केरळ सापडते ते जोडीदार शोधून देणाऱ्या ॲपमुळे आणि तेही होमस्टेतला पाहुणा म्हणून. पैसे मोजून राहणाऱ्या पाहुण्याला घरातले जितके दिसते, तितकेच मग प्रेक्षकालाही दिसते.

'चेन्नई एक्स्प्रेस'च्या शेवटाची तर मला अजून हळहळ वाटते. तिथे राहुल मीनम्माच्या वडिलांना हिंदीत भाषण देतो की देश स्वतंत्र झाला, पण मुलींना मनासारखे लग्न करण्याचे स्वातंत्र्य अजून नाही. म्हणजे मुंबईचा मुलगा तमिळ बापाला स्त्रीस्वातंत्र्य शिकवतो. ज्या प्रदेशात समाजसुधारक पेरियारांनी १९२५ मध्ये स्वाभिमान चळवळ उभी केली, भटजी आणि मंत्र वगळून दोघांच्या संमतीने लावलेल्या विवाहांना ज्या राज्याने अण्णादुराईंच्या सरकारात, १९६७ मध्ये, कायद्याची मान्यता दिली, त्या प्रदेशाला हे शिकवायचे! आणि वडिलांच्या भूमिकेत कोण? सत्यराज. २००७ च्या तमिळ चित्रपटात ज्यांनी खुद्द पेरियार रंगवले, जे स्वतः त्या विचारांचे म्हणून ओळखले जातात, ते. तमिळनाडूत जातीबाहेरच्या लग्नावरून आजही खून पडतात, हे खरे आहे. म्हणूनच हा प्रसंग किती वेगळा लिहिता आला असता! पेरियारांचा फोटो भिंतीवर लावणारा, सभेत स्वाभिमान विवाहावर बोलणारा आणि घरात मुलीवर पहारे बसवणारा बाप त्या भूमीतला खरा, ओळखीचा आणि हास्यास्पद माणूस आहे. त्याच्यावर तमिळ प्रेक्षक मनापासून हसला असता आणि थोडा अस्वस्थही झाला असता. आपल्याकडे फुले-आंबेडकरांचे नाव घेऊन घरात पत्रिका जुळवणारे आहेतच. त्यांना ओळखून आपण हसतोच ना? तो विनोद लिहिला गेला नाही, कारण लिहिणाऱ्याला पेरियार या कथेत कामाचे वाटले नाहीत.

लुंगीचेही तसेच. हिंदी चित्रपटात दक्षिणेकडचा माणूस आला की लुंगी येते आणि लुंगी आली की हसू येते. मराठी वाचकाला या हसण्याचा इतिहास माहीत असायला हवा. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, तेव्हाच्या मुंबईत 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही घोषणा होती. 'मार्मिक'मध्ये अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जात होत्या. उडप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले होते. मराठी तरुणाला नोकऱ्या मिळत नव्हत्या ही तक्रार खरी होती. पण राग निघाला तो लुंगीवर. त्यानंतर दोनच वर्षांनी 'पडोसन' आला. मेहमूदने केलेला मास्टर पिल्लै आजही लोकांना तोंडपाठ आहे, आणि त्याचा अभिनय होताच तसा. पण त्या प्रसिद्ध जुगलबंदीची मांडणी बघा. शास्त्रीय संगीत शिकलेला, शिकवणारा माणूस मास्टर पिल्लै आहे. समोरच्या नायकाला, भोलाला, गाणे येतच नाही, मागे लपलेला त्याचा मित्र विद्यापती गातो आहे आणि हा नुसते ओठ हलवतो आहे. जिंकतो कोण? लबाडी करणारा. आणि आपण सगळे त्याच्या बाजूने टाळ्या वाजवतो, कारण हरणाऱ्याची शेंडी, कपाळावरची रेघ आणि हिंदीतला 'अय्यो' आपल्याला आधीच हास्यास्पद वाटलेला असतो. १९६८ च्या मुंबईत हे चित्र पाहताना माटुंग्याच्या संगीतशिक्षकाला काय वाटले असेल? हा प्रश्न विचारल्याने 'पडोसन' वाईट चित्रपट ठरत नाही. तो आपल्याला काय बघू देत नाही, एवढे कळते.

वेष्टीवर, म्हणजे तमिळ पद्धतीच्या धोतरावर, खरा विनोद कुठे दडला आहे, तेही सांगतो. २०१४ च्या जुलैत चेन्नईतल्या एका क्रिकेट क्लबच्या दारावर मद्रास उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायमूर्तींना अडवले गेले, कारण ते वेष्टी नेसून आले होते. तमिळनाडूत, तमिळ पोशाखात, तमिळ न्यायमूर्तींना! महिन्याभरात विधानसभेने असे निर्बंध घालणाऱ्या क्लबांविरुद्ध कायदा केला. परका पाहुणा, साहेबी क्लबचे नियम आणि घरचा पोशाख यांतून केवढे प्रहसन उभे राहील! त्यात तमिळ माणूस हसेल, बिगरतमिळही हसेल, आणि हसण्याचा रोख नेमका जिथे हवा तिथे असेल. लुंगी नेसून नाचण्यापलीकडे जायची तयारी असेल तर एवढा माल नुसता पडून आहे.

आता दुखावलेल्यांच्या बाजूकडे येतो. त्यांचा सर्वांत मोठा मुद्दा बळाबळाचा आहे, आणि तो खरा आहे. हिंदी चित्रपट देशभर लागतो, त्याने रंगवलेला मल्याळी माणूस लाखो लोकांच्या डोक्यात पक्का बसतो. मल्याळम चित्रपटाने रंगवलेला दिल्लीवाला दिल्लीपर्यंत क्वचित पोचतो. मराठी माणसाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. मुंबईत बनणाऱ्या हिंदी चित्रपटांत मराठी माणूस वर्षानुवर्षे कामवाली बाई, हवालदार आणि गुंडाचा उजवा हात म्हणून वावरला. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाने तर त्याहून सोसले. हातात बाटली आणि तोंडात 'मॅन' दिल्याशिवाय त्याला पडद्यावर प्रवेशच नव्हता. हे सगळे सोसलेल्याला 'हसून सोडून द्या' सांगणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे.

पण मग मागायचे काय? इथे मला या बाजूचे धोरण चुकते असे वाटते. त्यांनी आदर मागितला, आणि हिंदी चित्रपटांनी तो लगेच देऊनही टाकला, कारण तो स्वस्त आहे. आदर म्हणजे नारळाची झाडे, बॅकवॉटरवरून सरकणारी नाव, मोहिनीअट्टम, कथकलीचा रंगवलेला चेहरा आणि साधी, निर्मळ मनाची माणसे. पर्यटन खात्याच्या माहितीपत्रकात कोणाचाही अपमान नसतो. त्यात माणूसही नसतो. राजकारणावर तासन् तास वाद घालणारा, आखातातून पैसे पाठवून गावी रिकामे बंगले बांधणारा, प्रत्येक गोष्टीवर हरताळ पुकारणारा, सकाळी चहाच्या टपरीवर वर्तमानपत्र चाळून जगाला शहाणपण शिकवणारा मल्याळी माणूस, ज्याची चेष्टा मल्याळम चित्रपट स्वतः किती रंगून करतो, तो या आदराच्या आवृत्तीत येत नाही. मल्याळी प्रेक्षकांनी 'आमची चेष्टा करू नका' असे म्हणण्याऐवजी 'आमची चेष्टा आमच्याइतकी चांगली करून दाखवा' असे म्हटले असते, तर हिंदीवाल्यांची खरी पंचाईत झाली असती.

'मल्याळी भूमिका मल्याळी नटीलाच द्या' ही मागणीही तपासून पाहावी लागेल. कामाच्या संधींचा प्रश्न म्हणून तिच्यात तथ्य आहे. अस्सलपणाची हमी म्हणून नाही. २०१२ मध्ये 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये शशी गोडबोले ही पुण्याची मराठी गृहिणी कोणी रंगवली? तमिळनाडूत जन्मलेल्या श्रीदेवीने. नवऱ्याच्या भूमिकेत होते आसामचे आदिल हुसेन. गोडबोले नवरा-बायकोच्या भूमिकांत मराठी नट-नटी का नाहीत, म्हणून कोणी पेटून उठल्याचे मला आठवत नाही, आणि उठायचे कारणही नव्हते. लाडू वळून विकणारी, मुलीच्या शाळेत इंग्रजीच्या भीतीने आकसणारी ती बाई आपल्या ओळखीची होती. ती ओळख आली दिग्दर्शिका गौरी शिंदे यांच्याकडून. त्यांच्या आईचा पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय होता, आणि ही कथा आईवरून सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. ज्ञान लेखन-दिग्दर्शनात असले की तमिळ नटी मराठी होते. ते तिथे नसेल, तर कोट्टयमची मुलगी घेतली तरी तिच्या तोंडी माहितीपत्रकच येणार. त्याच श्रीदेवीच्या मुलीवर आज उच्चारांचा खटला भरला जातो आहे. तिला ते संवाद लिहून देणाऱ्यांना मात्र फारसे कोणी काही विचारत नाही.

'प्रेक्षकांनी गर्दी केली, म्हणजे झाला निकाल' म्हणणाऱ्यांसाठी फ्रान्समधले एक उदाहरण देतो. गर्दी तिथेही झाली होती, आणि अशी झाली की त्यापुढे आपले आकडे फिके पडावेत. २००८ चा 'बियँव्हन्यू शे ले श्ती' (म्हणजे 'श्तींच्या गावी स्वागत'; श्ती म्हणजे उत्तर फ्रान्सचे लोक) फ्रान्समध्ये दोन कोटींहून अधिक लोकांनी तिकीट काढून पाहिला. सहा कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशात! गोष्ट आपल्याच जातकुळीची. दक्षिणेतल्या उन्हाच्या गावचा पोस्टमास्तर बदलीसाठी लबाडी करतो, पकडला जातो आणि शिक्षा म्हणून उत्तरेकडच्या बेर्ग या गावी पाठवला जातो. उत्तर म्हणजे थंडी, कोळशाच्या खाणी, दारू आणि न समजणारी बोली, अशी सगळ्यांची समजूत. तिथे गेल्यावर माणसे चांगली निघतात, हे अपेक्षितच. कमाल पुढे आहे. बायकोची सहानुभूती टिकावी म्हणून त्याने तिला उत्तरेबद्दल भयानक गोष्टी सांगितलेल्या असतात, आणि ती एक दिवस स्वतःच यायला निघते. मग गावातले त्याचे मित्र ठरवतात की तिला हवी ती उत्तर दाखवू. दारूडे, अडाणी, रानटी माणसांचे गाव ते मुद्दाम उभे करतात, आणि प्रेक्षक पोट धरून हसतो. पण आता तो उत्तरेच्या माणसाला हसत नाही. उत्तरेबद्दलच्या स्वतःच्या डोक्यातल्या चित्राला हसतो, कारण ते चित्र नाटक म्हणून कोण रंगवते आहे हे त्याला दिसते आहे. साचा वापरला, पुरेपूर वापरला, आणि वापरता वापरता त्याची किल्ली त्याच लोकांच्या हातात दिली. दिग्दर्शक दानी बून स्वतः उत्तरेचे, आणि पोस्टमनचे कामही त्यांनीच केले आहे. बेर्गच्या लोकांनी माफी मागितली नाही, मागवली नाही. त्यांच्याकडे प्रवाशांची रीघ लागली.

याच उदाहरणाची दुसरी बाजू लपवणे बरोबर होणार नाही. चित्रपट जोरात चालू असतानाच, २००८ च्या मार्चमध्ये, पॅरिसच्या फुटबॉल संघाच्या काही पाठीराख्यांनी उत्तरेच्या लाँस संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात एक भलामोठा फलक फडकवला. त्यावर उत्तरेच्या लोकांना अत्यंत घाणेरड्या शिव्या होत्या, आणि शेवटची ओळ म्हणजे या चित्रपटाचे नाव. तेव्हा 'चांगल्या मनाने केलेला विनोदही शेवटी शिवी बनतो' असे कोणी म्हटले, तर त्याला पुरावा आहे. मी तो नाकारत नाही. मात्र फलकावरच्या शिव्या चित्रपटातून आलेल्या नव्हत्या, त्या कितीतरी जुन्या होत्या. आणि त्या फलकावर देश खवळला त्याला एक कारण असेही असणार, की त्या लोकांबरोबर दोन कोटी जण नुकतेच हसून आले होते. चित्रपट द्वेष संपवत नाही. ओळख मात्र तो नक्की करून देतो, आणि ओळख असलेल्या माणसाला दिलेली शिवी आपल्याला वेगळी ऐकू येते.

स्पेनमध्ये तर हे आणखी अवघड जागी घडले. बास्क प्रदेशातल्या एटा या फुटीरतावादी संघटनेने सशस्त्र कारवाया कायमच्या थांबवत असल्याचे २०११ मध्ये जाहीर केले, आणि २०१४ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाचा मुलगा बास्क असल्याचे सोंग करतो असा विनोदी चित्रपट, 'ओचो अपेयिदोस वास्कोस', तिथे तुफान चालला. इतका रक्तपात ताजा असताना असले काही लिहायची हिंमत कुठून आली? दोन्ही लेखक बास्क होते. कुठे बोट ठेवले की हसू येते आणि कुठे ठेवले की जखम उघडते, हे त्यांना ठाऊक होते. यावरून आतल्या माणसानेच लिहावे असा नियम मी काढत नाही. आतल्याइतके जाणून घेण्याचे कष्ट करावेत, एवढेच म्हणतो. 

आणि जाणून घ्यायला लागले की साचे आपोआप गळू लागतात. 'परम सुंदरी'च्या ट्रेलरमध्ये नायिका नायकाला झापते की मोहनलाल केरळचे, रजनीकांत तमिळनाडूचे, अल्लू अर्जुन आंध्रचे, यश कर्नाटकचा. सगळे एक समजू नका. टाळीचे वाक्य आहे आणि हेतूही चांगला आहे. पण त्यातले रजनीकांत म्हणजे बंगळुरूत मराठी कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. एकाच माणसात तीन प्रांत आहेत! तंजावरला पावणेदोनशे वर्षे मराठ्यांचे राज्य होते, आणि तमिळ मिसळलेली मराठी बोलणारी घरे तिथे आजही आहेत. अमक्या राज्याला अमुक नट असे चार कप्पे करून दिले म्हणजे उत्तरेच्या माणसाचे अज्ञान मिटले नाही. एका मोठ्या कप्प्याच्या जागी चार छोटे झाले. दुखावलेल्या मल्याळी मित्रांनीही थोडे घरात बघावे. तमिळ माणसासाठी केरळात 'पांडी' हा तुच्छतेचा शब्द वापरला जातो, आणि मल्याळम चित्रपटांनी त्यावर पुष्कळ हशा वसूल केला आहे. आपणही 'भय्या', 'अण्णा', 'माकापाव' यांवर केला आहेच. ज्याच्यावर अज्ञानाने हसले जाते, तो स्वतः दुसऱ्यावर अज्ञानाने हसायला मोकळा असतो, असे थोडेच आहे?

मराठीत हा प्रकार सगळ्यांत चांगला कुठे जमला? 'मुंबई-पुणे-मुंबई'त. २०१० चा चित्रपट, दोन माणसे, एक दिवस आणि पुण्याचे रस्ते. मुंबईची मुलगी पुण्याला टोचते, पुण्याचा मुलगा मुंबईला, आणि प्रत्येक टोमण्याला तोडीस तोड उत्तर मिळते. पुणेकर दुखावले नाहीत, मुंबईकरही नाहीत, कारण दोघांच्या हातात सारखी हत्यारे होती आणि लिहिणाऱ्याला दोन्ही शहरे आतून माहीत होती. पण हे सोपे होते, हेही खरे. दोघे मराठी, दोघे मध्यमवर्गीय, लग्न ठरायला कुणाचीच हरकत नाही. अवघड काम आपण अजून हाती घेतलेले नाही. २०२५ चा उन्हाळा आठवा. पहिलीपासून हिंदीचे आदेश निघाले, त्यांच्याविरुद्ध लोक उठले, २९ जूनला सरकारने ते मागे घेतले, आणि दोन-तीन दिवसांतच मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराला थोबाडीत मारल्याची चित्रफीत देशभर फिरली. शाळेत लहान मुलांवर भाषा लादू नये, या बाजूने मी तेव्हा ठाम होतो, आजही आहे. त्या थोबाडीत मारण्याच्या मात्र साफ विरोधात आहे. त्या उन्हाळ्यावर आपल्याकडे चिकार भाषणे झाली. विनोदी चित्रपट एकही सुचला नाही.

तो सुचायला हवा होता. चाकणच्या कारखान्यात बिहारमधल्या पूर्णियाचा मुलगा आणि त्याला खोली भाड्याने देणारे, तीन पिढ्या शेती केलेले आणि आता जमीन विकून भाड्यावर जगणारे काका, ही जोडी पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर रोज भांडते आणि रोज एकत्र चहा पिते. केरळात पेरुंबावूरला ओडिशा, आसाम, बंगालचे हजारो मजूर आहेत; राज्याच्या साक्षरता मिशनने त्यांना मल्याळम शिकवण्यासाठी 'चंगाती' नावाचा उपक्रम २०१७ पासून चालवला, आणि तिथल्या टपरीवाल्यांचे हिंदीही त्यांच्या संगतीत सुधारले असणार. आपल्या चाकणच्या काकांना त्या मुलाची बोली मैथिली आहे, हिंदी त्यालाही शाळेतच शिकावी लागली, हे ठाऊक आहे का? त्या मुलाला काकांच्या गावची मराठी आणि बातम्यांतली मराठी यांत किती फरक आहे ते कळले आहे का? हे दोघेही एकमेकांबद्दल चुकतात, दोघेही आपले खरे करतात, आणि पोळ्याच्या दिवशी ट्रॅक्टरला हार घालताना काका त्याला जे समजावून सांगतील ते ऐकून मुलाला हसू आवरणार नाही. हे लिहायला मराठी लेखकाला ॲप नको, रेल्वेचा प्रवास नको. चाकणला महिनाभर खोली घेऊन राहावे लागेल, थोडी मैथिली कानावर घालून घ्यावी लागेल, आणि काकांचीही तितकीच बेधडक चेष्टा करायची तयारी ठेवावी लागेल, मग त्यावर मराठी प्रेक्षकांतून 'आमचा अपमान झाला' अशी ओरड झाली तरी.